आठवणीची चिठ्ठी

काही लक्षात ठेवावयाचे असले म्हणजे माझी आई पदराला गाठ मारी. गिरणीतून दळण आणावयाचे आहे, शेजारणीची पातेली परत करावयाची आहेत, एकादशी उद्या की परवा हे गुरुजींना विचारावयाचे आहे. प्रत्येक कामाला एक गाठ. दिवसाकाठी एकदोन गाठी असल्या की तिचे एकही काम चुकत नसे. परंतु सणासुदीला पदराला चारपाच गाठी पडत, आणि मग ती ओसरीच्या पायरीवर बसून एकेक गाठ चाचपीत म्हणे, "अरे, ही कशाची रे मारली होती?" आम्हां मुलांना त्याचे मोठे हसू येई.

हा लेख एका यंत्राच्या इतिहासाविषयी आहे. डॉक्टर रुग्णाला तपासून औषध लिहू लागला की त्याला मध्येच थांबवून "अहो, हे ध्यानात आहे ना?" असे विचारणारा जो संगणक आज दूरदूरच्या रुग्णालयांत बसला आहे, त्याच्याविषयी. असल्या विषयावर मी लिहावे हे थोडे विचित्रच. मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. या विषयाकडे मी आलो तो आईच्या आजारपणामुळे, तेव्हा ते आधी सांगून टाकतो.

लहानपणच्या सांधेतापाने आईच्या हृदयाची एक झडप निकामी केली होती. २००६ साली तिच्या जागी धातूची झडप बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन नावाची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी मोठी नाजूक मामल्याची. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून अधूनमधून रक्त तपासावयाचे आणि त्या तपासणीचा आकडा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवावयाचा. पाच वर्षे हे सारे सुरळीत चालले. २०११ च्या पावसाळ्यात तिला लघवीला जळजळ होऊ लागली, तेव्हा नेहमीच्याच डॉक्टरांनी तपासून एक साधी, स्वस्त, जुनी सल्फाची गोळी लिहून दिली: कोट्रायमॉक्साझोल. ही गोळी शरीरातील वॉरफरिनचा निचरा रोखून धरते. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आले, पाचव्या दिवशी दंडावर काळेनिळे डाग उमटले, आणि सहाव्या दिवशी आम्ही तिला जिल्ह्याच्या गावी नेले तेव्हा तो आकडा नऊच्या वर गेला होता.

ती वाचली. पंधरा दिवसांनी घरी आली. मी मात्र डॉक्टरांकडे भांडावयास गेलो. भला माणूस. त्यांनी काही लपवले नाही. म्हणाले, "मास्तर, हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. परीक्षेत यावर मी उत्तर लिहिलेलं आहे. त्या घडीला आठवलं नाही, एवढंच."

त्या 'एवढंच'ने माझे डोके फिरले. "येत होतं सर, पण आठवलं नाही," हे उत्तर मी वर्गात रोज ऐकतो. त्या काळी माझा शिरस्ता असा की, आठवले नाही म्हणजे आले नाही. तेवढे ठणकावून सांगावयाचे आणि पोराला बाकावर उभे करावयाचे. डॉक्टरांना बाकावर उभे करता येत नव्हते, म्हणून मी त्यांच्याकडे जाणे सोडले.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर होऊन गावाकडे आला. त्याला ही हकीकत सांगितली, तेव्हा त्याने एक जुना इंग्रजी निबंध माझ्या हातात ठेवला. अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात तो १९७६ च्या डिसेंबरात छापून आलेला होता. लेखकाचे नाव क्लेमंट मॅकडॉनल्ड. निबंधाच्या लांबलचक मथळ्याचे शेवटचे शब्द मराठीत आणावयाचे तर 'मनुष्याची पूर्णत्वास जाण्याची असमर्थता' असे काहीसे होईल. वैद्यकाच्या निबंधाला असे कीर्तनकाराचे नाव पाहून मी तो शब्दकोश उशाशी घेऊन वाचला.

या मॅकडॉनल्डांची संस्था इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहरी. ती उभी राहिली तीही मौजेच्या रीतीने. त्याच राज्यात कॉनर्सव्हिल म्हणून गाव आहे. तेथे सॅम रीगनस्ट्रीफ नावाचे कारखानदार भांडी धुण्याची यंत्रे बनवीत असत आणि त्यावर त्यांनी अमाप पैसा मिळवला होता. कारखान्यात जी शिस्त आणि काटकसर चालते ती रुग्णालयात का चालू नये, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या पैशातून १९६९ साली ही संशोधनसंस्था निघाली. तिचे काम चाले शहराच्या सार्वजनिक रुग्णालयात, म्हणजे जेथे गोरगरीब जातात तेथे. अशा ठिकाणची बाह्यरुग्णांची खोली डोळ्यांसमोर आणा. मुंबईपुण्याच्या वाचकांना ते अवघड जाऊ नये. एकेका रुग्णाची फाइल वीतभर जाड, दर खेपेला डॉक्टर निराळा, आणि बाहेर रांग. त्या फाइलीत कुठे तरी लिहिलेले असते की तीन महिन्यांपूर्वी हिच्या रक्तातील पोटॅशियम कमी भरले होते. ते पान उघडणार कोण?

१९७२ पासून या मंडळींनी तेथील रुग्णांच्या नोंदी संगणकात साठवावयास सुरुवात केली. मग मॅकडॉनल्डांनी त्या संगणकाला नियम शिकवले. नियम अगदी साधे: अमुक औषध चालू असेल आणि अमुक तपासणी बरेच दिवस झाली नसेल, तर ती करण्याची आठवण द्यावी, रक्तदाब चढलेला असेल आणि उपचार तोच असेल, तर तसे म्हणावे, औषधाने यकृताला इजा होत असल्याची खूण दिसली, तर ती दाखवावी. असे ३९० नियम. यंत्र नोंदी चाळून एक कागद छापी आणि तो कागद डॉक्टरांपुढे येई. डॉक्टरने ऐकावे किंवा न ऐकावे. कागदाची सक्ती नव्हती.

प्रयोग नऊ डॉक्टरांवर झाला. प्रत्येकाला काही काळ चिठ्ठी मिळे, काही काळ मिळत नसे. कोणाला आधी, कोणाला नंतर. चिठ्ठी असताना दखल घेण्याजोगे ३२७ प्रसंग आले, त्यांतील शेकडा ५१ प्रसंगी डॉक्टरांनी योग्य ती हालचाल केली. चिठ्ठी नसताना ३८५ प्रसंग आले. त्यांत प्रमाण शेकडा २२.

हे आकडे वाचून मी प्रथम मनाशी म्हटले, ठीक आहे, चिठ्ठीने डॉक्टर शिकले. पण खरी गोष्ट पुढेच होती. ज्यांना आधी चिठ्ठी मिळाली आणि मग बंद झाली, तेही चिठ्ठी बंद होताच इतरांसारखेच चुकू लागले. म्हणजे ते शिकले वगैरे काही नव्हते; शिकण्यासारखे त्यात नव्हतेच, कारण ते सारे त्यांना आधीपासून येत होते. शिवाय कोणी नवशिका, कोणी जास्त शिकलेला, यानेही काही फरक पडला नाही. मॅकडॉनल्डांनी यावरून असे म्हटले की, या चुका अज्ञानाच्या किंवा निष्काळजीपणाच्या नव्हेत. इतकी माहिती एका वेळी डोक्यात वागवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्याच्या या चुका आहेत. डॉक्टरला आणखी शिकवून किंवा रागावून त्या जाणार नाहीत.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बाकावर उभी केलेली पोरे एकामागून एक डोळ्यांसमोर येऊ लागली. आणि त्या पोरांच्या रांगेत शेवटी आमचे जुने डॉक्टर.

या काळात संगणकाकडून याहून फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा केली जात होती, हेही येथे सांगितले पाहिजे. इंग्लंडात लीड्स येथे डी डोम्बाल नावाच्या शल्यविशारदांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांचे निदान संगणकाकडून करवून घेतले. १९७२ साली त्यांनी प्रसिद्ध केले की यंत्र शेकडा ९१.८ वेळा बरोबर आले, आणि तेथील अनुभवी डॉक्टर ७९.६ वेळा. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' नावाची प्रणाली रचली. जंतुसंसर्गाला कोणते औषध द्यावे याचा ती सल्ला देई, आणि परीक्षकांपुढे तिचे सल्ले तेथील प्राध्यापकांच्या तोडीस तोड ठरले. तरीही मायसिन एकाही रुग्णाच्या खाटेपाशी कामाला लागली नाही. डॉक्टरने आपले काम बाजूला ठेवावे, यंत्रापुढे बसावे, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि मग त्याचा निवाडा ऐकावा, हे कोणाच्या गळी उतरणार? मोठा पंडित दाराबाहेरच राहिला. आत शिरला तो चिठ्ठी देणारा कारकून.

यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात या कारकुनाला फार चांगले दिवस आले. होमर वॉर्नर हे तेथले मूळ पुरुष. त्यांच्या प्रणालीचे नावच 'हेल्प'. तेथील एक काम मला विशेष आवडले. शस्त्रक्रियेपूर्वी जंतुनाशक औषध द्यावे हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असते, परंतु नेमके केव्हा? १९९२ साली तेथील मंडळींनी २,८४७ रुग्णांचा हिशेब मांडला. सुरी लावण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ०.६ जणांची जखम चिघळली. त्याहून फार आधी ज्यांना मिळाले त्यांच्यात हेच प्रमाण ३.८, आणि बरेच उशिरा ज्यांना मिळाले त्यांच्यात ३.३. औषध तेच, रुग्णालय तेच. चुकली ती घटका. घटका सांभाळणे हे घड्याळाचे आणि कारकुनाचे काम, ते थोर शल्यविशारदाच्या स्मरणशक्तीवर सोपवण्यात काय हशील? यापूर्वीच तेथे संगणकाकडून ही आठवण रुग्णाच्या कागदांत ठेवण्याची रीत सुरू झाली होती, आणि तिने वेळेवर औषध मिळणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते.

बॉस्टनच्या ब्रिगम रुग्णालयातला प्रयोग २००५ सालचा. खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णाच्या पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. ज्यांना हा धोका आहे पण प्रतिबंधक औषध चालू नाही, अशा २,५०६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या डॉक्टरांना संगणकाने इशारा दिला. तीन महिन्यांत गुठळ्यांचे प्रमाण शेकडा ८.२ वरून ४.९ वर आले. एका ओळीच्या आठवणीने एवढे होत असेल, तर ही आठवण जगभर द्यावी असे कोणालाही वाटेल.

तसेच झाले, आणि येथून गोष्टीला वळण लागते.

२००९ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा करून रुग्णालयांना संगणक घेण्यासाठी अब्जावधी डॉलर देऊ केले. मॅकडॉनल्डांनी ३९० नियम निवडून लिहिले होते. आता बाजारातून विकत घेतलेल्या याद्यांत हजारो नियम आले. दोन औषधांचा बारीकसा विरोध असला तरी इशारा, ठरीव मात्रेहून थोडे इकडेतिकडे झाले तरी इशारा. यादी करणाराला एकच भीती: एखादा धोका आपल्याकडून सुटला तर दोष आपल्यावर येईल. वाचणाराचे काय होईल हा प्रश्न त्याचा नव्हता. हॉलंडमधील अभ्यासकांनी २००६ सालीच निरनिराळ्या ठिकाणच्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा डॉक्टर औषधांसंबंधीचे शेकडा ४९ ते ९६ इशारे नुसते बाजूला सारतात असे दिसले. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मी दरवर्षी पाचवीला शिकवतो. त्या गोष्टीत मुलगा खोडकर असतो आणि गावकरी शहाणे. येथे मुलगा अतिशय प्रामाणिक होता, लांडग्यासारखे दिसणारे प्रत्येक झुडूप तो इमानाने ओरडून सांगत होता, आणि गावकरी दमले होते.

लांडगा खरोखर आला तो २०१३ च्या जुलैत, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-रुग्णालयात. रॉबर्ट वॉक्टर हे त्याच रुग्णालयातील प्राध्यापक. त्यांनी २०१५ साली आपल्या पुस्तकात ही हकीकत आडपडदा न ठेवता लिहिली, याबद्दल त्यांचे आणि त्यांच्या रुग्णालयाचे कौतुक केले पाहिजे. सोळा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी दाखल झाला होता. एका दुर्मिळ आजारामुळे तो सल्फाचीच एक गोळी नेहमी घेत असे: तीच कोट्रायमॉक्साझोल, जी माझ्या आईला दिली होती. सकाळी एक, संध्याकाळी एक, १६० मिलिग्रॅमची. त्याचे वजन ३८.६ किलो. तेथील नियम असा की, वजन ४० किलोच्या आत असेल तर मात्रा किलोच्या हिशेबाने लिहावी. तसे लिहिल्यावर आकडा आला १९३. गोळी तर १६० ची. औषध-विभागातील माणसाने नियमाप्रमाणे डॉक्टरणीला कळवले की मात्रा गोळीच्या मापाची करा. तिने १६० हा आकडा घातला. चौकट मात्र अजून दर किलोचीच होती. झाले! १६० मिलिग्रॅम दर किलोला, म्हणजे साडेअडतीस गोळ्या.

यंत्राने इशारा दिला. डॉक्टरणीने तो बाजूला सारला, कारण असले इशारे ती दिवसभर सारत होती. औषध-विभागातील माणसालाही इशारा आला, त्यानेही सारला. त्या रुग्णालयात महिन्याला साडेतीन लाखांच्या आसपास औषधे लिहिली जात आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांवर त्या विभागाला इशारे येत. तेथून सूचना गेली लाखो डॉलर किमतीच्या यंत्रमानवाकडे. त्याला शंका येण्याचे कारणच नव्हते. त्याने साडेअडतीस गोळ्या बिनचूक मोजून पुड्या बांधल्या. परिचारिका तरुण, त्या दिवशी दुसऱ्याच विभागात कामाला आलेली. एवढा ढीग पाहून ती चरकली खरी. पण तिने पुड्यांवरची खूण यंत्राला दाखवली आणि यंत्र म्हणाले, बरोबर आहे. मुलाने मुकाट्याने सगळ्या गोळ्या गिळल्या. रात्री त्याला झटके आले. तो वाचला, हे देवाचेच देणे.

या हकीकतीतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. किंचित जास्त मात्रेला जो इशारा येई आणि एकोणचाळीस पट मात्रेला जो आला, त्यांचे रूप सारखेच होते. तेवढीच चौकट, तसलीच अक्षरे. आई पायरीवर बसून चाचपडत असे त्या गाठीही एकमेकींसारख्याच असत.

मग इशारा सारताच येऊ नये असे केले तर? मला वाटत होते की माझ्या आईच्या बाबतीत नेमके हेच हवे होते. आश्चर्य असे की, नेमक्या याच जोडीवर, वॉरफरिन आणि कोट्रायमॉक्साझोल या दोन औषधांवर, हा प्रयोग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मंडळींनी केला आणि २०१० साली प्रसिद्ध केला. १,९८१ डॉक्टर आणि इतर औषध लिहिणारे त्यात होते. अर्ध्यांपुढे यंत्राने जवळजवळ भिंतच उभी केली: ही दोन औषधे एकत्र लिहिताच येत नसत. भिंतीने काम चोख केले. भिंतीपुढे आलेल्यांपैकी शेकडा ५७ जणांनी बेत बदलला, इतरांपैकी १३ जणांनी. तरीही प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. कारण चार रुग्ण असे निघाले की ज्यांना ती औषधे खरोखरच हवी होती, आणि भिंतीमुळे ती त्यांना वेळेवर मिळाली नाहीत.

हा निबंध मी तीनदा वाचला. ते चार रुग्ण कोण होते ते कोठे लिहिलेले नाही, आणि लिहूही नये. पण त्यांनाही मुले असतील, आणि त्यांतील एखादा रुग्णालयात जाऊन भांडला असेल, की डॉक्टरला सारे ठाऊक होते, आठवतही होते, आणि यंत्राने त्याचा हात धरला.

इंडियानापोलिसच्या त्या संस्थेतील पुढच्या पिढीने २००४ पासून नोंदी ठेवण्याची एक फुकट प्रणाली केनियातील एल्डोरेटच्या रुग्णालयांसाठी उभारली. तिच्याच पायावर रचलेली दुसरी एक प्रणाली आपल्याकडे छत्तीसगढमधील गनियारीच्या लोकांच्या रुग्णालयात प्रथम चालू झाली. तेव्हा भांडी धुण्याच्या यंत्राचा पैसा कोठवर वाहत आला ते पाहा.

आई २०१६ साली गेली, निराळ्याच दुखण्याने. शेवटची पाच वर्षे तिने आपल्या फाइलीच्या पुठ्ठ्यावर माझ्याकडून तांबड्या शाईने ठळक लिहून घेतले होते: 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे.' कोणत्याही डॉक्टरपुढे बसली की नाव सांगण्याआधी ती पुठ्ठा पुढे करी. गाठ एकच, पण मोठी. आमच्या जुन्या डॉक्टरांकडेही मी शेवटी एकदा जाऊन आलो. ते बरेच थकले होते. झाल्या गोष्टीविषयी आम्ही बोललो नाही, चहा घेतला.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या दवाखान्यात आता संगणक आहे. गेल्या महिन्यात गुडघ्याच्या दुखण्यासाठी गेलो होतो, तेव्हा त्याच्या शेजारी बसून तो कसा चालतो ते पाहत होतो. त्याने माझी रक्तदाबाची गोळी लिहिली, खाली दुखण्याची गोळी लिहिली, आणि पडद्यावर एक पिवळी चौकट उमटली. मी चष्मा सावरून वाचू लागलो, तोच त्याचे बोट पडले आणि चौकट नाहीशी झाली.

"काय लिहिलं होतं रे?" मी विचारले.

"नेहमीचंच, सर."

मग माझ्याकडे पाहून तो जरा ओशाळला. मागे जाऊन त्याने ती चौकट पुन्हा उघडली आणि आम्ही दोघांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नेहमीचेच होते.